किण्व : ओलें आणि सुकें

आमचा एक पुतण्या अमेरिकेंत ओरेगन राज्यांत यंत्रविद्येच्या व्यवसायांत आहे. गेल्या दिवाळींत तो कडेगांवीं आला असतां, घरांतील वडील मंडळी निजल्यावर, त्यानें आमच्यापाशीं एक विषय काढला. तो तिकडे आपल्या घराच्या तळघरांत स्वतःपुरती बिअर करतो. तिकडे त्यांत बेकायदा कांहीं नाहीं. १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें तेथील गृहस्थास ही मोकळीक मिळाली, आणि इंग्लंडांत ती १९६३ पासूनच आहे. प्रश्न नीतीचाही नव्हता, कारण तो त्यानें आमच्यावांचूनच सोडविला होता. त्याची अडचण निराळीच होती. बिअर आंबविण्यासाठीं लागणारें किण्व दुकानांत दोन रूपांत मिळतें : एक पिशवींतलें ओलें, दुसरें पुडींतलें सुकें. त्याच्या मित्रमंडळींत यावरून दोन तट पडले आहेत, आणि आपल्याकडील शैव-वैष्णवांप्रमाणें प्रत्येक तट दुसऱ्यास अडाणी समजतो. "काका, तुम्ही इतिहास शिकवितां, यांतलें जुनें कोणतें आणि अस्सल कोणतें, तें सांगा."

हा प्रश्न ज्या ओसरीवर निघाला, तिच्या भिंतीवर आमच्या आजोबांची तसबीर आहे. १९४३ ते १९४६ या काळांत सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार चाललें, आणि कुंडलपासून देवराष्ट्र्यापर्यंतचा हा सारा टापू त्याच्या हालचालींनीं गजबजून गेला होता. (कडेगांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, १९४९ त दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० त त्यालाच सांगली हें नांव मिळालें.) सावकारीला आळा घालणें, गांवोगांवीं न्यायपंचायती बसविणें, यांबरोबर दारूबंदी हेंही प्रतिसरकारचें एक काम होतें. आजोबा तेव्हां विशीचे. ओढ्याकांठच्या भट्ट्या हुडकून मडकीं फोडणें त्यांच्या वांट्यास आलें होतें, आणि म्हातारपणीं तें सांगतांना त्यांचा आवाज चढे. दारूपायीं गेलेल्या जमिनी त्यांनीं पाहिल्या होत्या. त्यांच्या रागास कारण होतें, आणि त्या रागाचा वारसा म्हणून आम्ही आजवर मद्यास शिवलों नाहीं. परंतु एक गोष्ट ते नेहमीं शेवटीं, कांहींसा सूर उतरवून, सांगत. एका वाडीवर मडकीं फोडून झाल्यावर एक म्हातारी पुढें आली. तिनें ना शिवी दिली ना हंबरडा फोडला. फुटक्या खापरीच्या तळाशीं चिखलासारखा गाळ राहिला होता, तो तिनें आपल्या पदराच्या टोंकाला पुसून घेतला आणि ती घरांत निघून गेली. तिनें असें कां केलें तें आजोबांना उमगलें नाहीं. आम्हांलाही तें पन्नास वर्षें उमगलें नव्हतें. पुतण्याच्या प्रश्नामुळें आम्हीं जें वाचलें, त्यानें तें उमगलें. म्हणून हा लेख.

किण्व म्हणजे भटारखान्यांतील खमीर, दुकानांतील यीस्ट. ती एकपेशीय बुरशी आहे. साखर खाऊन ती मद्यार्क आणि कर्बवायु बाहेर टाकते. मद्यार्कानें मद्य होतें, वायूनें पाव फुगतो. हे ज्ञान फार जुनें नाहीं. हॉलंडांतील लेव्हेनहूक यानें १६८० त आपल्या भिंगाखालीं बिअरच्या थेंबांतील गोल कण पाहिले; पण ते सजीव असतील अशी शंका त्याला आली नाहीं. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार-लातूर यानें आणि जर्मनींत श्वान यानें, एकमेकांशीं संबंध नसतांना, असें प्रतिपादिलें, कीं हे कण वाढतात, त्यांना कोंब फुटतात, अर्थात् ते जीव आहेत. त्यावर लीबिग आणि व्होलर या रसायनशास्त्रांतील महंतांनीं १८३९ त एक निनांवी विडंबन छापून, सूक्ष्म प्राणी तोंडानें साखर खातात आणि दुसऱ्या वाटेनें मद्यार्क सोडतात, अशी यथेच्छ टवाळी केली. पुढें १८५७ पासून पाश्चरनें प्रयोगांवर प्रयोग करून या जीवपक्षाची बाजू सिद्ध केली, आणि १८७६ त बिअरवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७० च्या युद्धांत जर्मनीनें फ्रान्सचा पाडाव केला होता; निदान बिअरींत तरी जर्मनांना जिंकावें, ही ईर्ष्या त्या ग्रंथाच्या मुळाशीं होती. शास्त्रज्ञही माणसेंच असतात.

येथें आम्हांस आपल्या चार्वाकांची आठवण होते. पृथ्वी, आप, तेज आणि वायु या जड भूतांच्या संयोगांतून चैतन्य उपजतें, हें पटविण्यास त्यांनीं किण्वाचाच दृष्टांत घेतला होता : किण्वादि द्रव्यांत सुटींसुटीं मादकता नसते, पण तीं एकत्र येतांच मदशक्ति उत्पन्न होते, तद्वत् देहांत चैतन्य. शतकानुशतकें आस्तिक पंडितांनीं या दृष्टांतावर नाना तऱ्हांनीं हल्ले केले. परंतु जें सर्वांत सोपें उत्तर, तें ना वादीस सुचलें ना प्रतिवादीस : कीं महाराज, आपण जड म्हणून जें पुढें केलेंत, तेंच मुळीं सजीव आहे! भिंगावांचून तें सुचणें शक्यही नव्हतें. लीबिगची फजिती झाली, तीच चार्वाकाची; फरक एवढाच, कीं चार्वाकास ती पाहावी लागली नाहीं.

मग आपल्या पूर्वजांना किण्व ठाऊक होतें कीं नव्हतें? "आमच्याकडे सर्व कांहीं होतें" असें म्हणणाऱ्यांचा आणि "आमच्याकडे कांहीं नव्हतें" असें म्हणणाऱ्यांचा आम्हांस सारखाच कंटाळा आहे. किण्व म्हणजे काय हें त्यांना ठाऊक नव्हतें. किण्व कसें राखावें हें मात्र उत्तम ठाऊक होतें, आणि या दोन ज्ञानांत दुसरें अधिक जुनें व अधिक उपयोगी होय. वैदिक सौत्रामणी यागांत सुरा लागे. ती करण्यासाठीं मोड आलेलीं धान्यें, लाह्या आणि नग्नहू नांवाचें आंबवण सांगितलें आहे. अमरकोशांत नग्नहू आणि किण्व हे पर्याय म्हणून येतात. धान्यास मोड आणून मग तें आंबविणें ही बिअरचीच रीत. परंतु सविस्तर हिशेब सांपडतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. हा ग्रंथ कैक शतकें लुप्त होता. त्याची पोथी १९०५ त म्हैसुरास शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ त ती छापून निघाली. तेव्हां ज्या ज्या गोष्टींनीं विद्वानांचे डोळे दिपले, त्यांत राज्यनीति, हेरखातें, दुर्गरचना हीं होतीं. सुराध्यक्षाच्या प्रकरणाकडे सोंवळ्या पंडितांनीं कांहींशी पाठच केली. आम्हीही आजवर तें वर्गांत शिकवितांना ओझरतें सांगून पुढें जात असूं.

त्या प्रकरणांत मेदक नांवाच्या मद्याचें प्रमाण दिलें आहे. पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, आणि किण्व तीन प्रस्थ. चार प्रस्थांचा आढक, म्हणजे तांदूळ दोन प्रस्थ आणि किण्व तीन! आंबवण हें मूळ धान्याहून अधिक. नुसता चिमूटभर जंतु पेरायचा असता तर हें प्रमाण वेडेपणाचें ठरतें. पण पुढें किण्वाची कृतिच आहे : उडदाचा वाटलेला लगदा एक द्रोण, कच्चा किंवा शिजविलेला, त्याच्या तृतीयांशानें अधिक तांदूळ, आणि मोरट वगैरे वनस्पतींचा एकेक कर्ष भाग. याला तेथें 'किण्वबंध' म्हटलें आहे. या 'बंध' शब्दावरून आणि मापाच्या रीतीवरून तो बांधलेला गोळा किंवा वडी असावी, असें आमचें मत आहे. घटकद्रव्यें कोरडींच, आणि तीं साठवून ठेवण्याजोगीं. थोडक्यांत सांगावयाचें तर पुतण्याच्या पुडीची ही पणजी.

त्याच प्रकरणांत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांनीं आम्हांस थांबविलें. एक अशी, कीं मद्याचा सारा व्यवहार राजाच्या हातीं ठेवणारा हा कठोर ग्रंथकार, गृहस्थांना मंगलकार्याच्या प्रसंगीं घरीं श्वेतसुरा करण्याची व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मुभा देतो. उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या वेळीं चार दिवसांची सूटही देतो. कार्टरसाहेबांच्या कायद्याचा हा आपल्याकडील पूर्वावतार समजावा. दुसरी अशी, कीं सुरेच्या आणि किण्वाच्या सामग्रीचें निवडणें-टिपणें स्त्रियांनीं आणि मुलांनीं करावें, असें तो सांगतो. म्हणजे हें ज्ञान पोथ्यांत नव्हतें, तें बायकामुलांच्या बोटांत होतें. पोथी एक वेळ हजार वर्षांनीं सांपडते. बोटांचें तसें नाहीं.

आतां भूगोलाकडे वळूं. कारण ओलें कीं सुकें, हा प्रश्न आवडीपेक्षां भूगोलाचा अधिक आहे. किण्वाला साखर खातां येते, पीठ खातां येत नाहीं. तांदूळ, नाचणी, जव यांत साखर नाहीं, पिष्ट आहे. आधीं त्या पिष्टाची साखर करून दिली पाहिजे. युरोपानें हें काम मोड आलेल्या जवांकडून, म्हणजे माल्टकडून, करून घेतलें. पूर्व आशियानें तें बुरशीकडून करून घेतलें. चीनपासून मणिपूर, सिक्कीम, नेपाळपर्यंत आणि खालीं संताळांच्या मुलुखापर्यंत, तांदुळाच्या पिठाच्या लहान लहान वड्या वाळवून ठेवण्याची चाल आहे. त्यांना मणिपुरांत हमेई, सिक्कीमकडे मार्चा, संताळांत राणू म्हणतात. त्या वडींत पिष्टाची साखर करणारी बुरशी आणि साखरेचें मद्य करणारें किण्व हीं दोन्हीं झोपलेलीं असतात. पिठांत वनस्पतींच्या मुळ्या-पाल्याची पूड मिसळतात, नवी वडी करतांना तींत जुन्या वडीचा चुरा घालतात, आणि हें काम बहुतेक ठिकाणीं बायकाच करतात. कौटिल्याचा किण्वबंध याच कुळांतला असला पाहिजे. म्हणूनच त्याचें प्रमाण एवढें मोठें. त्यांत आंबवणही होतें आणि अन्नही.

पश्चिम किनाऱ्यावर गोष्ट उलट. माडाच्या पोयींतून झरणारा रस मुळांतच गोड. भंडाऱ्यानें पहांटे मडकें उतरविलें, कीं त्या मडक्याच्या सालीला चिकटलेलें कालचें किण्व कामास लागलेलें असतें. दुपारीं माडी फेसाळते, रात्रीं ती कडक होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तिचा शिर्का होऊं लागतो. येथें आंबवण करावें लागत नाहीं, राखावेंही लागत नाहीं. फक्त मडकें फार स्वच्छ धुऊं नये! जेथें रोज नवी माडी उतरते तेथें सुक्या वडीची गरज काय? आणि जेथें ती उतरत नाहीं, तेथें ती नेऊनही उपयोग नाहीं, कारण वाटेंतच ती शिर्का होईल. आमच्या कडेगांवाकडे माड नाहींत. देशावर शिंदीचा रस आणि वाळविलेलीं मोहाचीं फुलें यांवर काम भागे. आणि मोहाला आंबवण काय, तर मागच्या मडक्याचा गाळ.

याच माडीनें गोव्यांत पाव फुगविला. पोर्तुगीज १५१० त गोव्यांत आले. त्यांना भाकरीनें भागेना आणि युरोपांतील आंबवण समुद्रावर टिकेना. तेव्हां त्यांनीं व त्यांच्या पाद्र्यांनीं माडाच्या सुरेंत कणीक भिजविली. सासष्टींतील माजोर्डें गांवीं हा धंदा प्रथम रुजला असें गोव्यांत सांगतात. गार्सिया द ओर्ता यानें १५६३ त गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत सुरेची आणि तिच्यापासून गाळलेल्या दारूची नोंद केली आहे. पोदेर रात्रीं सुरा घालून कणीक मळी, पहांटेपर्यंत ती फुगे, आणि उजाडतां उजाडतां त्याची सायकल व तिचा भोंगा गल्लींत ऐकूं येई. सायकलच्या आधीं त्याच्या हातांत घुंगुरांची काठी होती. तांदुळाचीं सान्नां याच सुरेनें हलकीं होतात. म्हणजे ओलें किण्व हें केवळ मद्यप्यांचें द्रव्य नव्हे. चार शतकें तें एका सबंध समाजाच्या न्याहारीचें द्रव्य होतें. अलीकडील कांहीं दशकांत मात्र माडावर चढणारे कमी झाले, सुरा मिळेनाशी झाली, आणि बहुतेक भट्ट्यांत विकतचें यीस्ट आलें. आम्ही एकदां मडगांवीं एका वृद्ध पोदेराला विचारलें, फरक काय पडला? तो म्हणाला, पाव पूर्वीसारखाच फुगतो, पण वास येत नाहीं. त्याचें म्हणणें शास्त्राला धरून आहे. माडींत एकच किण्व नसतें. अनेक जातींचीं किण्वें आणि त्यांच्या जोडीला दह्यांतले व शिर्क्यांतले जंतु असा तो मेळा असतो. फुगविण्याचें काम एकटा करूं शकतो. वासाला मेळा लागतो.

राज्यकर्त्यांच्या नजरेंतूनही ओल्या-सुक्याचा भेद सुटला नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें माडी काढण्याच्या झाडांवर परवाना आणि कर बसला. माडी साठवितां येत नाहीं, म्हणून सरकारनें तिला झाडापाशींच गांठलें. मोहाचें फूल उलट वाळवून कणगींत भरतां येतें. म्हणून १८९२ च्या कायद्यानें ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावर व नेण्या-आणण्यावरच निर्बंध आले. ओल्याला झाडाशीं धरा, सुक्याला कोठारांत धरा. अबकारी खात्याचे अधिकारी जीवशास्त्र शिकले नव्हते, पण हिशेब चोख जाणत होते. या कायद्यांचा भार भंडारी, कोळी, ठाकूर, कातकरी यांच्यावर पडला, आणि ज्यांच्या घरांत विलायती बाटल्या उघड येत त्यांना त्याची झळ लागली नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें दारूबंदी मागितली तेव्हां तींत या अन्यायाचाही राग मिसळला होता. स्वराज्य येतांच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. पुढें त्यांतील बंधनें पुष्कळ सैल झालीं, तरी परवान्यावांचून घरीं मद्य करणें महाराष्ट्रांत आजही गुन्हा आहे; तेव्हां वाचकांनीं हा लेख कृति म्हणून वाचूं नये.

मात्र एक सुकें किण्व या सर्व कायद्यांच्या डोळ्यांदेखत वैद्यांच्या घरीं नांदत राहिलें. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडीं धायटीचीं तांबडीं फुलें येतात. तीं वाळवून आसव-अरिष्टांच्या काढ्यांत घालतात. काढ्यांत गूळ किंवा मध असतो, भांड्याचें तोंड लिंपून तें महिनाभर ठेवतात, आणि औषध आपोआप आंबतें. 'आपोआप' हा शब्द वैद्यांचा. खरें पाहतां त्या फुलांवर वसलेलें रानटी किण्व वाळूनही जिवंत राहतें, आणि काढा मिळतांच जागें होतें. द्राक्षासव घेऊन खोकला बरा करणाऱ्या आमच्या आजोबांना हें सांगण्याचें धाडस आम्हांस झालें नसतें. १९५१ त सर्वोच्च न्यायालयानें दारूबंदी कायद्यांतील औषधांविषयींचीं कांहीं बंधनें रद्द ठरविलीं तेव्हां सर्वांत अधिक हायसें वाटलें असेल तें आमच्या गांवच्या वैद्यांना.

युरोपांत बिअरचें किण्व दीर्घ काळ ओलेंच होतें. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानांत बिअरला जव, हॉप आणि पाणी एवढींच द्रव्यें सांगितलीं. किण्वाचें नांवही नाहीं. तें मागच्या पिंपांतून पुढच्या पिंपांत जात असे, विरजणाप्रमाणें, आणि विरजणाला कोणी जिन्नस म्हणून मोजीत नाहीं. ओल्याचा दोष प्रवासांत दिसतो. डेन्मार्कच्या याकोबसेननें १८४५ त म्यूनिक येथील झेडलमायर यांच्या कारखान्यांतून थंडींत वाढणारें किण्व दोन भांड्यांत घेतलें आणि टपालगाडीनें तो कोपनहेगनला निघाला. वाटेंत जेथें जेथें गाडी थांबे, तेथें तेथें उतरून तो त्या भांड्यांवर थंड पाणी घाली. तीं टोपीच्या पेटींत ठेविलीं होतीं, असेंही सांगतात. अशा रीतीनें कार्ल्सबर्गची बिअर जन्मली. पुढें तिच्यांत बिघाड होऊं लागला, तेव्हां त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंतील एमिल हान्सेन यानें एकेक पेशी निवडून तिचा निर्भेळ वंश वाढविला आणि १८८३ च्या नोव्हेंबरांत तो पिंपांत सोडला. याकोबसेननें ही विद्या दडवून न ठेवतां सर्वांस दिली, हें त्याच्या औदार्याचें लक्षण. त्या किण्वाची जन्मकथा मात्र २०११ पर्यंत अर्धीच ठाऊक होती. त्या वर्षीं पाटागोनियाच्या रानांत त्याच्या एका पूर्वजाचा पत्ता लागला. तें किण्व दोन जातींच्या संकरांतून झालें आहे. शुद्ध वंशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं या गोष्टीकडे अवश्य पाहावें.

परंतु युरोपाच्या कडेला सुक्याची परंपरा होती. नॉर्वेच्या डोंगराळ खोऱ्यांत शेतकरी घरींच बिअर करीत, वर्षांतून थोड्याच वेळां. पिंपें कोरडीं असलेल्या मधल्या महिन्यांत किण्व जगवावें कसें? ते लांकडी कड्यांची एक माळ करीत, ती आंबत्या पिंपांत बुडवीत, आणि ओली निघाली कीं खुंटीला टांगून वाळवीत. फटींफटींत किण्व सुकून बसे. पुढच्या सणाला ती माळ गोड काढ्यांत टाकली, कीं झालें. कोणी लांकडाचा ओंडका वापरी, कोणी कापड. तेथें त्या आंबवणाला क्वेइक म्हणतात, आणि शेजारच्याचें आंबवण मेलें तर आपलें देणें हा तेथील शेजारधर्म होता. हें वाचलें तेव्हां आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलों. पदराच्या टोंकाला गाळ पुसणारी ती म्हातारी नॉर्वेची नव्हती. आमची आजी माहेराहून परत येतांना दह्यांत भिजवून वाळविलेलें फडकें गांठोड्यांत बांधून आणी. उंबऱ्याआंत पाऊल टाकलें कीं कोमट दुधांत तें बुडवी. आजोबांनीं तें शेकडों वेळां पाहिलें होतें. पण एक फडकें आपल्या बायकोचें आणि एक पदर परक्या बाईचा; दोहोंचा संबंध लावण्याचें त्यांना कारण पडलें नाहीं.

आतां कारखान्याची पुडी. दाबून केलेल्या किण्वाच्या ओलसर वड्या व्हिएन्नाकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निघाल्या. अमेरिकेंत फ्लाइशमन यांनीं १८६८ नंतर त्या घरोघरीं पोंचविल्या. पण त्या बर्फावांचून टिकत ना. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याला रणांगणावर पाव पुरवावयाचा होता. तेव्हां याच कंपनीनें बर्फावांचून टिकणारें दाणेदार सुकें किण्व सिद्ध केलें. वाळतांना किण्वाची पेशी ट्रेहॅलोज नांवाची एक साखर आपल्या अंगांत सांठविते, आणि पाण्याची जागा ती साखर राखते. म्हणून सगळ्याच पेशी मरत नाहींत. पुडी कोरडी व थंड ठेविली तर दोन वर्षेंही चालते. जागें करतांना मात्र पाणी कोमट लागतें, सुमारें ३५ ते ४० अंश. गार पाण्यांत पेशीची त्वचा फाटते आणि आंतला ऐवज सांडतो. आजीचें दूधही कोमटच असे. पिशवींतलें ओलें किण्व तसें नाहीं. त्याच्यांतील जिवंत पेशी महिन्या-महिन्याला घटत जातात, तें शीतपेटींत ठेवावें लागतें, जुनें झाल्यास आधीं थोड्या काढ्यांत वाढवून घ्यावें लागतें. परंतु त्याचे वंश अनेक, आणि प्रत्येकाचा स्वाद निराळा. पूर्वी सुक्या पुड्यांत भेसळ जंतूंचा दोष असे, आणि मोजकेच वंश मिळत. म्हणून ओल्याचा पक्ष खरा होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तो दोष बहुतेक गेला. अमेरिकेंतील पक्ष मात्र कायम आहेत. कारण गेलें तरी पक्ष राहतात, हें इतिहासाच्या अध्यापकास नवें नाहीं.

कडेगांवाला लागूनच असलेल्या पलूस तालुक्यांत एकविसाव्या शतकाच्या आरंभीं द्राक्षमद्यासाठीं खास उद्योगक्षेत्र आंखलें गेलें. ज्या कुंडलच्या परिसरांत मडकीं फुटलीं, त्याच तालुक्यांत सरकारी परवान्यानें पोलादी पिंपें उभीं राहिलीं. आजोबांनीं हें पाहिलें असतें तर काय म्हटलें असतें, तें आम्हांस ठाऊक आहे. आम्ही काय म्हणावें, तें मात्र आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. कर्जांत बुडालेलें घर आम्हींही पाहिलें आहे. आणि ज्यांच्या हातीं पिढ्यान् पिढ्या हें आंबवण होतें, त्यांतील कोणी त्या पोलादी पिंपांचा धनी झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुतण्याला आम्हीं इतकेंच कळविलें : जुनीं दोन्हीं, अस्सलही दोन्हीं. ज्याचें पिंप रोज भरतें त्यानें ओलें ठेवावें. ज्याचें सणावारीं भरतें त्यानें सुकें. तूं महिन्यांतून एकदां करतोस, तुझा प्रवास फार, तेव्हां पुडी घे. त्यानें ती घेतली. बिअर बरी झाली असें त्याचें म्हणणें. आम्हांस पडताळा पाहतां येत नाहीं. मात्र तिचें काम संपल्यावर तळाचा गाळ फेकून देणें त्याच्या जिवावर आलें. त्यानें तो कांचेच्या बरणींत भरला, शीतपेटींत ठेविला, आणि बरणीवर देवनागरींत 'विरजण' अशी चिठ्ठी लाविली. तेव्हांपासून चार वेळां त्यानें त्याच बरणींतून बिअर केली आहे. पुडी पुन्हा आणिली नाहीं. गेल्या पत्रांत त्यानें विचारलें होतें, कीं पणजोबांच्या गोष्टींतील ती म्हातारी कोणत्या वाडीची आणि तिचें नांव काय. वाडीचें नांव आम्हीं कळविलें. म्हातारीचें नांव आजोबांनीं कधीं सांगितलें नव्हतें. त्यांनीं तें विचारलेंच नसावें.